लांबचा प्रवास : इलेक्ट्रिक की पेट्रोल? आकड्यांसह लिहा

जाहिरातीतली रेंज नको, नुसतं 'मस्त चालते' हेही नको. कुठला रस्ता, किती वेग, किती युनिटं, काय बिघडतं, ते सांगा.

समृद्धीकर
नागपूर-मुंबई ७०१ किमीच्या समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिकचा खरा कस लागतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ९० ला युनिटमागे ७ किमी देणारी गाडी १२० ला ५ वर येते. ४५ युनिटांच्या बॅटरीतला ८० ते १० टक्के एवढाच भाग धरा, म्हणजे साडेएकतीस युनिटं. ९० ने २२० किमी, १२० ने जेमतेम १५७. ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग इतकं मंदावतं की शेवटच्या २० टक्क्यांसाठी थांबण्यात अर्थ नाही. १२० ला पेट्रोलचंही ॲव्हरेज पडतं, पण टाकी पाच मिनिटांत भरते म्हणून कुणी बोलत नाही.

पसरणी घाट
पावणेदोन टनांची गाडी वाईहून महाबळेश्वरला नेताना नुसत्या चढाचीच तीनेक युनिटं जातात. उतरताना त्यातली दोनेक परत मिळतात, पण बॅटरीत जागा असेल तरच! रात्रभर लावून १०० टक्के भरलेली गाडी घाट उतरायला लागली की रीजन (उतारावर मोटरनेच गाडी रोखून बॅटरी भरणं) चालत नाही आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.
पेट्रोलवाल्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावं. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं हा कार्ब्युरेटरच्या काळातला समज. आताचं इंजिन गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन तोडतं, न्यूट्रलला मात्र जळतच राहतं.

पंधरा अँपिअर
हॉटेलवाला 'चार्जिंग आहे' म्हणाला की बहुतेक वेळा गीझरचा १५ अँपिअरचा सॉकेट समजायचा. ताशी सुमारे ३ युनिटं, रात्रीत २५ च्या आसपास. अर्थिंग नसेल तर चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागतो आणि सकाळी गाडी होती तेवढ्यावरच. त्यामुळे झोपायला जाण्याआधी खाली चक्कर मारा. एक्स्टेन्शन लागलंच तर २.५ चौरस मिमी तांब्याची तीन तारांची वायर, आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली वायर तापून वितळते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बंद करा. युनिटचे पैसे मालकाशी आधीच ठरवा, नाहीतर सकाळी वाद.

हिशेबी
रस्त्यावरच्या डीसी (जलद) चार्जरचा दर युनिटला २२ रुपये आणि साडेसहा किमी धरले तर किमीला ३ रुपये ४० पैसे. पेट्रोल १०४ आणि ॲव्हरेज १८ धरलं तर पावणेसहा. पुणे-पणजीच्या साडेचारशे किमीत हजारभर रुपये वाचतात, चार्जिंगमध्ये दीड तास जातो. चहा-जेवणाला थांबणाऱ्या कुटुंबाला तो वेळ जाणवत नाही. रात्री दहाला निघून पहाटे पोहोचायचं असेल तर सरळ पेट्रोल न्या.

सीसीएस२
वरच्या दीड तासात अर्धा तास माझ्याकडून जोडा. ६० किलोवॉटच्या दोन गनच्या (गाडीला लावायच्या प्लगच्या) चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी ३०-३० वाटून मिळतात. ॲपच्या वॉलेटमध्ये ५०० रुपये घरूनच टाका, घाटात ओटीपी येत नाही. गन अडकली तर ओढाओढ नको. चार्जिंग ॲपवरून थांबवा, गाडी लॉक-अनलॉक करा, तरीही सुटली नाही तर गन हाताने सोडवायची इमर्जन्सीची दोरी ओढा. ती काही गाड्यांत डिकीत असते, काहींत बॉनेटखाली. निघण्याआधी मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.