नेव्हल रिव्ह्यूला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरवाली
मंडळी, अडलेय. १९व्या शतकातल्या इंग्लंडवरचा मजकूर मराठीत करतेय, त्यात स्पिटहेडच्या (पोर्ट्समथ बंदरासमोरचा समुद्र) नेव्हल रिव्ह्यूंची रांगच लागलीय, १८१४, १८५३, १८५६, १८६७, १८९७. मी आपलं 'नौदल संचलन' लिहिलं तर ज्यांना वाचायला दिलं ते म्हणे २६ जानेवारी आहे का. शिवाय त्यात शॅम फाइट पण असते, तिला 'लुटुपुटूची लढाई' केलंय, तर ते म्हणे पोरकट वाटतं.

मोडीमास्तर
संचलन चूकच. संचलनात फौज चालते आणि साहेब उभा असतो. इथे उलटं, जहाजं नांगर टाकून ओळीत उभी आणि राणीची यॉट त्यांच्या मधनं फिरते. म्हणून पाहणी. आरमाराची पाहणी. विषय संपला.

तिरकस
पाहणी म्हटलं की मला गमबूट घातलेला मंत्री आणि वाहून गेलेला बांध दिसतो.

भाषांतरवाली
पण मास्तर, १८५३ ला ताफा नांगर उचलून बाहेर गेला, तिथे 'शत्रू' गाठून तोफा झाडल्या, मग ती पाहणी कशी?

मोडीमास्तर
मग मोजदाद घ्या. तो शब्द मोजणेवरून आलेला नाही हो, फारसी मौजूदात, म्हणजे हजर फौजेची गणती.

तिरकस
मोजदाद गुरांची. १८६७ ला तुर्कस्तानचा सुलतान आला होता, वादळी हवा, त्याला बोट लागली आणि तो सारखा खाली केबिनमध्ये. तशात राणीने त्याला यॉटवरच गार्टर हा मानाचा किताब दिला. कुणी कुणाची मोजदाद केली ते सांगा.

टीसकिनारा
लुटुपुटू बदलू नका ताई. १ ऑगस्ट १८१४ ला लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात छोटी छोटी जहाजं सोडून इंग्रज-फ्रेंच लढाई केली होती, इंग्रज ॲडमिरल नेल्सनच्या नाईलच्या लढाईतल्या विजयाचा तो दिवस, फ्रेंच जहाजं पेटवली वगैरे. तळ्यात! याला दुसरं काय म्हणणार? १८५६ ची गोष्ट मात्र वेगळी, क्रिमियाचं युद्ध नुकतंच संपलेलं आणि गनबोटींनी स्पिटहेडसमोरच्या साउथसीच्या किल्ल्यावर खोटा हल्ला केला, तो बघणाऱ्यांना जरब बसावी म्हणूनच. तिथे 'नकली हल्ला' बरा.

स्वभाषाप्रेमी
मूळ मुद्दा राहिला बाजूला. 'आरमार' कशाला? पोर्तुगीज आर्मादा तो. नौदल म्हणा.

अनामिक_वाचक
आरमार शुद्ध संस्कृत आहे. अरि + मार, शत्रूला मारणारे ते अरिमार. आमचे आजोबा सांगायचे.

मोडीमास्तर
अरिंना मारतं ते आरमार, मग घोडदळ काय अरिंना ओवाळतं? आणि स्वभाषाप्रेमी, शिवाजी महाराजांचं 'नौदल' म्हणून बघा एकदा, जीभ अडखळते की नाही.

स्वभाषाप्रेमी
सवयीचा भाग आहे. मेयरला महापौर म्हणतानाही लोक हसले असतील.

भाषांतरवाली
भांडा तुम्ही, पण मला अजून एक सांगा. सलामीला खलाशी डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांवर ओळीने उभे राहतात, त्या काठीला काय म्हणतात?

दर्यावर्दी
परबाण. पण आमच्या होडीचं परबाण तिरकं असतं, शीड बांधलेलं, त्यावर कोण उभा राहील, सरळ पाण्यात.

टीसकिनारा
त्यांचं आडवं असतं. इंग्लंडात हार्टलपूलला ट्रिंकोमाली नावाचं जुनं लढाऊ जहाज आहे, १८१७ ला मुंबईत वाडियांनी बांधलेलं, मलबारी साग, अजून तरंगतंय. मी डेकवरून वर बघत बसलो, मान दुखली. सलामीला त्या काठीच्या वर छातीच्या उंचीवर दोर ताणायचे म्हणे, धरायला. खालून दिसणार नाहीत असे, म्हणजे राणीला वाटावं नुसते उभे आहेत.

तिरकस
बघा, सगळंच लुटुपुटूचं.

कोकणातला
परबाण नाही हो, परवाण. आमच्याकडे तसंच म्हणतात.

दर्यावर्दी
कुठल्या बंदराला?