दिवस गेले, महिना लागला, तारीख दिली: बाळंतपणाच्या हिशेबाचे शब्द

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

धाकट्या जावेला दिवस आहेत. कार्डावर 'प्रसूतीची अपेक्षित तारीख' 26 मे लिहिली आहे. सासूबाई 'नऊ महिने नऊ दिवस' मोजून 28 मे म्हणतात. आशाताई परवा येऊन '26 आठवडे पूर्ण झाले' सांगून गेल्या. शेजारच्या काकू म्हणतात 'सातवा लागला', आणि ते ऐकून मामीसासूंनी 'सात झाले' असं धरलं. त्या आता सांगत सुटल्या आहेत की एप्रिलातच होईल म्हणून. यात बरोबर कोण? दिवस जाणे, महिना लागणे, महिना भरणे, दिवस भरणे यांचे नेमके अर्थ काय? आणि कार्डावरचा 'अपेक्षित' हा शब्द ठीक आहे का? आमच्या घरी त्याचा अर्थ 'त्या दिवशी होणारच' असा घेतला गेला आहे.

उत्तर (निवृत्त परिचारिका, आर्णी तालुका)

मामीसासू सोडल्या तर सगळेच बरोबर आहेत. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, म्हणजे सहा महिने सरले आणि सातवा लागला. आशाताई आणि काकू एकच गोष्ट सांगत आहेत, फक्त एक आठवड्यांत आणि दुसरी महिन्यांत.

घोळ होतो तो 'लागला' आणि 'झाले' यांत. शेतकऱ्याच्या घरी हे समजावून सांगायची गरज पडू नये. रोहिणी सरलं, मृग लागलं असं आपण म्हणतो तेव्हा मृगाचा पहिला दिवस असतो, अख्खं मृग अजून बाकी असतं. पोटाच्या महिन्याचंही तसंच. 'सातवा लागला' म्हणजे सहा पूर्ण. 'सातवा सरला' किंवा 'सात भरले' म्हणजे सात पूर्ण. मधल्या काळात 'सातवा चालू आहे'. हे तिन्ही शब्दप्रयोग स्वच्छ आहेत. गोंधळाचं वाक्य एकच: 'सात महिन्यांची आहे.' कोणी सातवा चालू असताना तसं म्हणतं, कोणी सात भरल्यावर. दोहोंत एका महिन्याचा फरक पडू शकतो, आणि एक महिना म्हणजे बाळाच्या फुप्फुसांसाठी फार मोठी गोष्ट. दवाखान्यात बाई 'सातवा' म्हणाली की मी नेहमी पुढे विचारायची, "लागला का सरला?"

आता मोजायचं कुठून. दवाखान्याचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. त्या दिवशी पोटात गर्भ नसतो. नेहमी 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला तो साधारण दोन आठवड्यांनी राहतो. तरी पाळीचाच दिवस धरतात, कारण गर्भ कधी राहिला ते सांगता येत नाही, पाळी कधी आली ते बाईला आठवतं. त्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. गर्भ राहिल्यापासून मोजलं तर 266. बोटांवर काढायची रीत सोपी आहे: पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि नऊ महिने पुढे जायचं. हा नियम फ्रान्झ नेगेले (1778–1851) या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखतात. तुमच्या जावेची पाळी 19 ऑगस्टला आली असणार. सात मिळवले की 26 ऑगस्ट, नऊ महिने पुढे 26 मे. सासूबाईंनी सातच्या जागी नऊ दिवस मिळवले, म्हणून 28 मे. दोनच दिवसांचा फरक. आपल्या जुन्या बायकांच्या 'नऊ महिने नऊ दिवसां'त किती तथ्य आहे ते यावरून बघा. पाळी 28 ऐवजी 35 दिवसांनी येत असेल तर मात्र तारीख आठवडाभर पुढे ढकलावी लागते, आणि ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही, विचारावी लागते.

विचारताना शब्द फार जपून वापरावे लागतात. "पाळी कधी चुकली?" आणि "शेवटची पाळी कधी आली होती?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्याकडे पाळीला सर्रास 'एमसी' म्हणतात. केंद्रावर संवाद असा व्हायचा:

"एमसी कधीची हाय व?"
"दिवाळीची."
"दिवाळीत आल्ती, का दिवाळीत आलीच नाही?"
"आलीच नाही न बाई."
"मंग त्याच्या आंधी कधी आल्ती?"
"घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पहिल्या उत्तरावर थांबलं असतं तर कार्डावरची तारीख चार आठवडे पुढे गेली असती. मग बाईला खरोखर नववा सरलेला असताना कार्ड म्हणालं असतं, अजून महिना आहे.

आणखी एक बारीक फरक. काही घरांत पाळी 'आली' तो दिवस सांगत नाहीत, 'डोक्यावरून पाणी घेतलं' तो दिवस सांगतात. ते चौथ्या-पाचव्या दिवशीचं. सासूने सांगितलेली तारीख बऱ्याचदा या न्हाण्याची असते. म्हणून तारीख शक्यतो सुनेला विचारावी आणि पहिला डाग दिसला तो दिवस विचारावा.

उत्तर (मराठीचे शिक्षक, मंगरूळपीर)

'दिवस जाणे' याविषयी. इथे 'जाणे' म्हणजे वाया जाणे नव्हे. पाळीचा दिवस आला आणि पाळी न येताच निघून गेला, असा मूळ भाव मला पटतो. म्हणूनच हा प्रयोग सुरुवातीच्या दिवसांसाठी शोभतो. "तिला दिवस गेलेत" ही बातमी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सांगतात. पोट दिसायला लागल्यावर असं कोणी म्हणत नाही, तेव्हा "तिला दिवस आहेत", "पाचवा चालू आहे" असं म्हणतात. 'दिवस राहणे' हाही त्याच अर्थाचा. ग्रामीण वऱ्हाडात "तिले दिवस हायेत" हे कोणत्याही महिन्यात चालतं. व्याकरणाच्या अंगाने पाहिलं तर 'तिला' ही चतुर्थी, म्हणजे दिवस तिच्या वाट्याला आलेले आहेत, तिने केलेले नाहीत.

'दिवस भरणे' हा मला या सगळ्यांत मोलाचा शब्द वाटतो. त्यात एक ठरावीक तारीख नाही, पूर्णता आहे. बाळ भरल्या दिवसांचं झालं किंवा अपुऱ्या दिवसांचं झालं, एवढंच तो सांगतो. पण बोलताना जपावं लागतं. 'त्याचे दिवस भरले' म्हणजे त्याचा अंत जवळ आला, असाही अर्थ याच भाषेत आहे. त्यामुळे आमच्याकडच्या जाणत्या बायका गरोदर बाईच्या तोंडावर "महिने भरले" म्हणतात, "दिवस भरले" म्हणायचं टाळतात. ही शिकवलेली गोष्ट नाही, कान असलेल्या माणसाला आपसूक कळते.

उत्तर (अंगणवाडी सेविका, अकोट तालुका)

वरच्या संवादातलं घट बसणं वाचून लिहावंसं वाटलं. तारीख सणावरून आणि कामावरून सांगणं ही आमच्याकडची रोजची गोष्ट. पोळ्याच्या तीन दिवस आधी, भुलाबाई बसल्या तेव्हा, महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी, सोयाबीन सोंगायला गेलो त्या हप्त्यात. या बायकांना तारीख आठवत नाही असं म्हणून कार्डावर अंदाजाने 1 तारीख किंवा 15 तारीख टाकून देणं मला अजिबात मान्य नाही. त्यांना दिवस पक्का आठवतो, फक्त तो कॅलेंडरच्या भाषेत नसतो. ते भाषांतर आपलं काम आहे.

पण भाषांतर त्या त्या वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवूनच करायचं. पोळा 2023 साली 14 सप्टेंबरला होता, 2024 साली 2 सप्टेंबरला, 2025 साली 22 ऑगस्टला. जुन्या आठवणीने 'पोळा म्हणजे सप्टेंबर' असं धरून लिहिलं तर तीन आठवडे इकडचे तिकडे होतात. तुमच्या जावेची 19 ऑगस्ट म्हणजे पोळ्याच्या तीन दिवस आधीच आहे.

आणि यंदा आणखी एक गोष्ट आहे. 2026 साली अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. त्यानंतर निज ज्येष्ठ लागतो. तुमच्या घरी कोणी "ज्येष्ठात होईल" म्हणालं, तर कोणता ज्येष्ठ ते विचारा. 26 मे अधिकात येते. एखाद्या आजीने धोंड्याचा महिना हिशेबात न धरता निज ज्येष्ठ डोक्यात ठेवला तर ती जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत निवांत राहील.

महिन्यांच्या बोलण्यातला एक समज इथेच सांगते, कारण तो माझ्या गावात अजून जिवंत आहे: 'सातव्यातलं लेकरू जगते, आठव्यातलं जगत नाही.' हे खरं नाही. पोटातला प्रत्येक आठवडा लेकराच्या फायद्याचा असतो, आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा सुधारलेलंच असते. या एका म्हणण्यापायी आठव्यात कळा सुरू झाल्या की घरचे आशा सोडतात आणि नेतानाच उशीर करतात.

उत्तर (आरोग्यसेवक, भामरागड तालुका)

कार्डावरचा 'अपेक्षित' हा शब्द ठीक आहे का, या प्रश्नावर. माझं मत 'अंदाजे' या शब्दाच्या बाजूने आहे. शंभरातली चार-पाच बाळंच नेमक्या त्या तारखेला जन्मतात. 37 आठवडे पुरे झाल्यापासून 42 आठवड्यांपर्यंत कधीही झालं तरी ते वेळेवरचंच बाळंतपण. तुमच्या जावेसाठी 37 आठवडे 5 मेला पुरे होतात. म्हणजे 5 मेपासून दवाखान्यात न्यायची कपड्यांची पिशवी भरलेली, गाडीचा नंबर लिहिलेला हवा. 'अपेक्षित'मुळे लोक त्या दिवसाची वाट बघत बसतात, आणि "डॉक्टरनं तारीख दिली" म्हटलं की तो डॉक्टरने दिलेला शब्दच वाटतो. डॉक्टर तारीख देत नाहीत, काढतात. बोलतानाही "तारीख काढली" म्हणावं.

आमच्या भागात हा नुसता शब्दाचा प्रश्न राहत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. ज्यांची तारीख जुलै-ऑगस्टात येते त्यांना आधीच आणून ठेवावं लागतं. त्यासाठी आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, तिथे बाई तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहते. कार्डावरची तारीख चार आठवडे पुढची असली तर बाई गावातच राहते आणि कळा पुरात सुरू होतात. मेळघाटातल्या सहकाऱ्यांनाही हे सांगायला नको. म्हणून वर आर्णीच्या ताईंनी लिहिलेला "आल्ती का आलीच नाही" हा प्रश्न मी आमच्या आशाताईंना पाठ करायला सांगणार आहे. अर्थात इथे तो माडिया गोंडीतून विचारावा लागतो, मराठीतला कितीही अचूक शब्द पुरत नाही.

दुसऱ्या टोकाचं पण लिहितो. 'दहावा लागला' म्हणून घाबरणारी घरं असतात. 280 दिवस म्हणजे नऊ महिने आणि वर आठवडा, त्यामुळे दहावा लागणं हे ठरल्यासारखंच आहे, त्यात वाईट काही नाही. मात्र तारीख उलटून गेली की घरी बसून वाट बघू नये, तपासणीला जावं. 41 आठवडे पुरे झाले की थांबायचं की कळा सुरू करायच्या ते डॉक्टर ठरवतात. आणि तारीख काहीही असो, अंगावर पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी झाली तर 108 किंवा 102.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, दोनच दिवसांचा फरक ऐकून त्या सुखावल्या. एक शेवटची शंका. सोनोग्राफीचे तीन कागद आहेत. पहिल्यावर 26 मे, दुसऱ्यावर 29 मे, कालच्यावर 7 जून. बाळाची तारीख पुढे गेली असं म्हणायचं का? मामीसासू आता दुसऱ्या टोकाला गेल्या आहेत, जून म्हणतात.

उत्तर (निवृत्त परिचारिका, आर्णी तालुका)

नाही, 'तारीख पुढे गेली' हे वाक्य या बाबतीत वापरूच नका. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजते. त्या वयात सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, म्हणून ती तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने पक्की असते. ती पाळीच्या तारखेशी जुळली, आता 26 मे कायम. जुळली नसती, आठवड्याहून जास्त फरक आला असता, तर डॉक्टरांनी तेव्हाच बदलून दिली असती. नंतरच्या कागदांवर मशीन बाळाच्या आकारावरून तारीख काढतं. काही बाळं बारीक असतात, काही थोराड. शेवटच्या महिन्यांत हा अंदाज तीन आठवड्यांपर्यंतही चुकू शकतो.

म्हणून कालच्या कागदावरच्या 7 जूनचा अर्थ 'उशिरा होणार' असा घेऊ नका. बाळ या वयाच्या मानाने थोडं लहान मोजलं गेलं, एवढाच तो अर्थ. ते नुसतं बारीक अंगाचं आहे की त्याची वाढ कमी पडते आहे, हे डॉक्टरांनी बघायचं आहे. येत्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असेल, तेव्हा तिन्ही कागद आणि कार्ड घेऊन जा आणि याच शब्दांत विचारा: "तारीख 26 मेच आहे ना, आणि बाळाची वाढ बरोबर आहे का?" तोवर जावेचं वजन वाढतं आहे का, हिमोग्लोबिन किती आहे, लोहाच्या गोळ्या खरंच घेते आहे का, ते बघा. कार्डावर 26 मेला गोल करून ठेवा आणि मामीसासूंना तेवढंच दाखवा.