स्थळ पाहताना आधी पगार की स्वभाव?

बार्शीकर
डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा अनेकांनी त्याची करमणूक करून घेतली. मला मात्र माणसाची पारख आपण कशावरून करू लागलो आहोत, हेच त्यात दिसले. स्थळ सुचवताच पहिला प्रश्न पगाराचा येतो, दुसरा पुण्यातल्या फ्लॅटचा, आणि नंतर शेती किती आहे हेही विचारले जाते, पण ती कसणारा मुलगा मात्र नको असतो. निर्व्यसनी, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचे सगळे करणारा मुलगा बायोडाटा पाहूनच बाद होतो आणि नोकरदार मुलगा घरात कसा वागतो, याची कोणी चौकशीही करत नाही. स्वभाव आणि चारित्र्य आधी पाहावे, मिळकत नंतर, असे माझे ठाम मत आहे.

दोन मुलींची आई
दादा, हा उपदेश नेहमी मुलीकडच्यांनाच का केला जातो? सोयाबीन हमीभावाखाली विकावे लागले की किराणा उधारीवर येतो आणि दुकानदारापुढे उभे राहायला घरातल्या सुनेला पाठवले जाते. हुंडा घेणे १९६१ पासून गुन्हा आहे, तरी सोन्याची आणि गाडीची मागणी होतेच. त्या वेळी मुलीच्या स्वभावाला किती मोल असते? २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये तर ८०७. सोलापूरच्या मोर्चेकऱ्यांनीही गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा कडकपणे राबवण्याची मागणी केली होती, हे आपण सांगितले नाही. शिवाय कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात चांगुलपणा कसा ओळखायचा? पगाराची पावती निदान तपासता तरी येते.

बार्शीकर
ताई, मुलींच्या संख्येबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु स्वभाव ओळखता येत नाही, हे पटत नाही. त्याच्या शेतात येणाऱ्या मजूर बायकांना मजुरी वेळेवर मिळते का, घरातली थोरली सून माहेरी मोकळेपणाने जाते का, भावकीच्या बांधावरच्या भांडणात तो कसा बोलतो, हे गावात दोन दिवस फिरले तरी कळते. आपण ते विचारत नाही, कारण पगाराचा आकडा पाहुण्यांत सांगता येतो आणि नम्रपणा सांगता येत नाही.

वकीलकाका
दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली आहे. मुलीकडचे पगार विचारतात ते दर वेळी श्रीमंतीच्या हव्यासाने नव्हे. बहुतेक घरांत सुनेच्या नावावर काहीच नसते, म्हणून नवऱ्याची मिळकत हाच तिला एकमेव आधार वाटतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा शेतकऱ्यांनी स्वखुशीने काही जमीन बायकोच्या नावे करावी, असे आवाहन केले होते आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी ते मनावर घेतले. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. माझ्याकडे जमिनीच्या वाटपाची प्रकरणे घेऊन येणाऱ्यांत मात्र असा अर्ज करणारा नवरा क्वचितच दिसतो. बार्शीकर, आपण ज्या सुस्वभावी मुलांची बाजू मांडता, त्यांनी लग्न ठरतानाच ही तयारी दाखवली, तर चारित्र्याचा पुरावा मागणाऱ्या आईला आणखी काय हवे?

दोन मुलींची आई
वकीलकाका, हे मला मान्य आहे. धाकटीसाठी येणाऱ्या स्थळांना मी हा प्रश्न आवर्जून विचारीन, नोकरदार मुलांनाही. घर दोघांच्या नावावर होणार का, असा. पगार विचारणे मात्र मी सोडणार नाही, कारण मनाने चांगल्या माणसाच्या घरीसुद्धा दवाखान्याचे बिल भरावेच लागते.

बार्शीकर
ताई, विचारा अवश्य. माझा आग्रह फक्त तो प्रश्न पहिला नसावा एवढाच आहे. सातबाऱ्यावरील नावाचा मुद्दा मी आमच्या गावातल्या मुलांपुढे मांडणार आहे, आणि त्यांच्या वडिलांपुढेही, कारण जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे आणि खरा विरोध तिथूनच होईल.