आगोटीच्या आधी मिरची घ्यायची आहे: ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी की गावठी?

नागपूरकरीण_रत्नागिरीत

नमस्कार मंडळी. माझं माहेर नागपूरकडचं. आमच्याकडे वर्षाचं तिखट म्हणजे भिवापुरी मिरची, त्यात निवडण्यासारखं काही नसायचं. सासर रत्नागिरीचं. इथे वर्षाची मिरची सासूबाईच घेतात, पण यंदा त्या नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्याला आहेत आणि आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आत मिरची वाळून, कुटून बरणीत जायला हवी. फोनवर विचारलं तर म्हणतात, "हातात घेऊन बघ, चांगली वाटेल ती घे." हातात घेऊन नेमकं काय बघायचं, तेच तर मला हवंय.

काल बाजारात जाऊन आले. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी, गुंटूर अशी पोती उघडी ठेवलेली. त्यात ब्याडगी महाग. दुकानदार म्हणाला, काश्मिरी घ्या, रंग तोच येतो. खरंच तोच येतो का? आणि माशाच्या आमटीला व कोंबडीच्या रश्श्याला एकच तिखट चालतं का? सासऱ्यांना झणझणीत लागतं, लेक चार वर्षांची आहे, तिला जरा तिखट लागलं की ताट सरकवते. मासे आठवड्यातून तीन-चार वेळा होतात. कोणी नीट समजावून सांगेल का?

वेंगुर्ल्याची_काकी

बाय, सासूबाई बरोबर सांगतात, मिरची हातानेच कळते. पण हात लावायच्या आधी ती कशात पडणार आहे ते ठरव. आपल्याकडे मिरची दोन तऱ्हेने वापरतात. एक ओल्या नारळाबरोबर वाटली जाते, दुसरी मसाल्यात कोरडी कुटली जाते. दोन्हीला एकच मिरची घेतलीस तर दोहोंपैकी एक फसणारच.

माशाचं आधी सांगते, कारण तुमच्याकडे तेच जास्त होतं. माशाच्या आमटीला मी ब्याडगीच वापरते, आणि तीही अख्खी भिजवून. अर्धा किलो बांगडे असतील तर आठ-दहा ब्याडग्या देठ काढून कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायच्या. सालं फुगून मऊ झाली की वाटीभर ओलं खोबरं, चमचाभर धणे, चार मिरी आणि हळद घालून वाटायचं. वाटप दोन बोटांत चोळून बघ, कण लागता कामा नये. मिक्सरवर करत असशील तर मिरची आणि धणे आधी फिरवून घे, खोबरं मागून घाल. सगळं एकदम टाकलं की खोबरं बारीक होतं आणि मिरचीची सालं तशीच राहतात, मग ती आमटीत वर दिसतात. मिरच्या भिजवलेलं पाणी ओतून देऊ नको, त्याच पाण्यात वाट. तिरफळं (माशात घालतात तो कोकणातला मसाला) मिळाली तर आतली काळी बी काढून नुसती ठेचून आमटीत सोड, वाटपात घालू नको. वर चार सोलं (आमसुलं).

आता ह्याच वाटपाला लवंगी घेतलीस तर काय होईल? तिखट यायला दोन-तीन पुरतात. पण दोन-तीन बारक्या मिरच्यांत रंग कुठला आणि दाटपणा कुठला! आमटी फिकट दिसते, आणि रंगासाठी आणखी घातल्या तर घास तोंडात धरवत नाही. ब्याडगी सौम्य आहे म्हणूनच दहा घालता येतात, आणि त्या दहांच्या सालांनीच आमटी मिळून येते. ब्याडगी महाग वाटते खरी, पण माशाच्या आमटीत ती काटकसर करू नको.

काश्मिरीने रंग येतो, नाकारत नाही. पण ब्याडगीला जो गोडसर वास असतो तो त्यात मला कधी आला नाही. शिवाय काश्मिरी नावाने विकतात ती सगळी मिरची काश्मीरहून येत नाही. दुकानदाराने दुसरी कुठली सुरकुतलेली लाल मिरची त्या नावाने पुढे केली तर तुला-मला कळणार कसं? ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव, तिथल्या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात दोन प्रकार दिसतील. डब्बी आखूड, फुगीर, बिया जास्त, तिखट कमी आणि रंग भरपूर. कड्डी लांब, बारीक, बिया कमी आणि जरा तिखट. वाटपाला मी डब्बी घेते, कुटायला कड्डी.

कोंबडीला, मटणाला, काळ्या वाटाण्याच्या आमटीला आपला कोरडा मसाला. तिथे खोबरं भाजलेलं, कांदा भाजलेला, ह्या भाजक्या वासापुढे नुसती ब्याडगी दबून जाते. म्हणून मसाल्याच्या किलोभर मिरचीत पाऊण किलो ब्याडगी आणि पाव किलो संकेश्वरी. किलोभर मिरचीला आमच्याकडे अर्धा किलो धणे, मग बडीशेप, दगडफूल, बाद्यान, नागकेशर, जायपत्री वगैरे, ते घराघरात वेगळं असतं, तू सासूबाईंचं माप विचार. संकेश्वरी आमच्या बाजारात सहज मिळते, कारण संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली घाट करत रस्ता थेट सावंतवाडी-बांद्याला उतरतो. ती लांब, सडपातळ असते आणि तिचं तिखट घशात न बसता जिभेवर लागतं. लवंगी आणि गुंटूर मी मसाल्यात घालत नाही, त्यांचं तिखट पुढे पळतं आणि गरम मसाल्याचा वास मागे राहतो.

आता हात. पोत्याच्या वरची मिरची बघू नको, कोपर खाली घालून तळातली ओंजळभर काढ. देठ बघ. ताज्या मालाचा देठ पिवळसर-हिरवट आणि मिरचीला घट्ट असतो. काळपट देठ बोट लावताच गळत असेल तर माल जुना. मग मिरची कानाजवळ हलव. बिया खुळखुळल्या तर आतून सुकलेली आहे. ब्याडगी जरा चिवट असतेच, त्याने घाबरू नको, पण हाताला गार आणि ओलसर लागली तर पाणी मारलेलं समज. वाहतुकीत तुकडे पडू नयेत आणि वजन भरावं म्हणून पाणी मारतात. अशी मिरची आपल्या हवेत चार दिवसांत बुरसते. मग एक मिरची उभी फाडून बघ, कारण बुरशी बाहेरून दिसत नाही, आत बियांजवळ राखाडी कापसासारखी धरते. पांढरे पट्टे पडलेली फटकी मिरची कितीही स्वस्त असली तरी नको, तिला रंगही नाही आणि चवही नाही. शेवटी नाक. चांगल्या ब्याडगीने शिंक येत नाही, वास घ्यावासा वाटतो.

आणि "एसी माल आहे" असं म्हणाला तर तो शीतगृहातला गेल्या हंगामाचा माल. दुकानात लालभडक दिसतो, पण बाहेरच्या दमट हवेत आला की ओल धरतो आणि काळपट पडत जातो. वर्षाच्या साठवणीला तो घेऊ नको.

गावठीचं राहिलं. भात कापल्यावर वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर दुसरं पीक घेतात त्या, शेतात लोक थोडी थोडी मिरची लावतात. आठवडी बाजारात बायका टोपलीत घेऊन बसतात, ती दिसली तर पाव-अर्धा किलो उचल. सुक्या बांगड्याच्या, सुकटीच्या चटणीला तिच्यासारखी मिरची नाही. आमच्या शिरोड्याहून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्यातल्या पेडण्यात हरमलची मिरची, आणि खाली काणकोणात खोल्याची. दोघींना भौगोलिक मानांकन आहे. आपल्या गावठीला नाव नाही, मानांकन नाही, म्हणून ती लावणारे कमी होत चाललेत, ह्याचं मला फार वाईट वाटतं. बाजारात ती मागितली, घेतली, तरच पुढच्या वर्षी कोणी लावेल.

अलिबागचा_खलाशी

काकींचं नारळाच्या वाटपाचं म्हणणं मान्य, पण सगळ्या किनाऱ्याला ते लावू नका. आम्हा कोळ्यांच्या घरी रोजच्या कालवणात बऱ्याचदा खोबरं नसतंच. लसूण, चिंच, तेल आणि मसाला, बस. तिखट शोषायला खोबरं नाही आणि दाटपणालाही खोबरं नाही, मग सगळा भार मसाल्यावर. म्हणून आमच्याकडे मसाल्याला तीन-चार मिरच्या एकत्र लागतात: रंगाला ब्याडगी आणि काश्मिरी, तिखटाला संकेश्वरी किंवा पांडी. आई काश्मिरी मुद्दाम घेते, कारण तेलात मसाला परतला की तिचा रंग लगेच सुटतो. ताई, तुमच्या घरी कालवण कसं होतं ते आधी बघा. बिनखोबऱ्याचं होत असेल तर भिजवलेल्या ब्याडगीने काम भागणार नाही, कुटलेला मसालाच लागेल.

वेंगुर्ल्याची_काकी

बरोबर आहे तुझं बाबा. मी आमच्याकडच्या आमटीचं सांगितलं. खोबरं नसेल तर मिरचीचं गणितच बदलतं.

चिपळूणचे_मास्तर

शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो, म्हणून लेकीच्या प्रश्नापुरतं सांगतो. मिरचीचं तिखट कॅप्सेसिनमुळे असतं आणि ते तयार होतं बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत. बिया तिखट लागतात त्या शिरेला लागून असल्यामुळे. रंग मात्र सालीत असतो. म्हणून ब्याडगी भिजवण्याआधी उभी चिरून बिया झटका आणि ती शीर नखाने ओढून काढा. रंग तसाच राहील, तिखट बरंच उतरेल. लेकीला तिखट लागलंच तर पाणी देऊ नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. दूध, दही किंवा तूप-भात द्या.

मिरचीचा नैसर्गिक रंगही तेलातच उतरतो, पाण्यात सहज नाही. त्यामुळे रंगवलेली मिरची ओळखायला एक मिरची गार पाण्याच्या पेल्यात टाका. लगेच पाण्यात लाल रेघा सुटल्या तर ती घेऊ नका.

बुरशीबद्दल काकी म्हणाल्या ते फार महत्त्वाचं आहे. बुरसलेली मिरची धुऊन, पुन्हा उन्हात टाकून वापरणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते धुऊन किंवा शिजवून जात नाही. ती मिरची टाकूनच द्यायची.

नागपूरकरीण_रत्नागिरीत

किती नीट सांगितलंत सगळ्यांनी! आमच्याकडे आमटी खोबऱ्याचीच असते, म्हणजे काकींचा रस्ता माझा. आज पुन्हा जाऊन तळातली ओंजळ काढून बघितली. एका दुकानात ब्याडगीचे देठ हातात गळून आले, दुसऱ्याकडची खुळखुळत होती, तिथे सांगून ठेवलंय. फक्त दोन गोष्टी. चौघांच्या घराला किती घेऊ? आणि सासऱ्यांसाठी मसाला तिखट केला तर लेकीचं काय, की दोन मसाले करायचे?

वेंगुर्ल्याची_काकी

दोन मसाले करू नको, एकाच वेळी दोघांचं भागतं. मसाला नेहमीसारखा कूट, फक्त संकेश्वरी त्यात न घालता तिचं वेगळं तिखट करून छोट्या बरणीत ठेव. मसाल्यात एक किलो कड्डीच जाऊ दे. रश्शाला उकळी आली की लेकीची वाटी बाजूला काढायची आणि मग सासऱ्यांसाठी चमचाभर संकेश्वरी थोड्या गरम तेलात टाकून वरून सोडायची. तेल फार तापवू नको, तिखट करपलं की कडू होतं.

मापाचं म्हणशील तर आठवड्याला तीन-चार वेळा मासे असतील तर वाटपाला दीड-दोन किलो अख्खी डब्बी घे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ती कमी लागते आणि सुकटीला गावठी लागते. मसाल्याला एक किलो कड्डी, वेगळ्या तिखटाला अर्धा किलो संकेश्वरी. अख्खी मिरची देठासकट ठेव, देठ लागेल तेव्हाच काढ. दोन-तीन कडक उन्हं दाखव, मिरची मोडली की कट्‌कन आवाज आला पाहिजे. उन्हात त्याहून जास्त ठेवलीस तर रंग उडतो. पूर्ण निवल्यावर कोरड्या डब्यात भर, हिंगाचे खडे टाक, झाकणाखाली कागद घाल. पावसात ओल्या हाताने डबा उघडायचा नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेव.

कांडपावर स्वतः जा. तुझ्या आधी कोणी लवंगी कुटली असेल तर ती यंत्रात राहिलेली असते आणि तुझ्या मसाल्यात येते. त्याला सांग, आधी माझे मूठभर धणे टाक आणि ते वेगळे काढ, मग माझी मिरची घाल. तुझ्याकडेही ब्याडगी आधी, संकेश्वरी शेवटी.