गच्चीबागेच्या ग्रुपसाठी कुठलं ॲप? नंबर दिसायला नकोत, खर्च शून्य

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. नाशिकला आमचा गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचा गट आहे. दीडशेच्या आसपास लोक, निम्म्याहून जास्त साठीपुढचे. एकच व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी सुप्रभात, दुपारी राजकारण आणि मधेच कुठेतरी 'माझ्या वांग्याला काय झालंय?' जूनच्या बी-वाटपाची सूचना या गर्दीत बुडाली. त्यातच ग्रुपमधून नंबर उचलून एका नव्या मुलीला कुणीतरी रात्री मेसेज केले, ती निघूनच गेली. आता नव्याने सुरुवात करायची आहे. अटी दोनच: नंबर एकमेकांना दिसू नयेत आणि एक रुपयाही खर्च नको. काय वापरू?

कुंडीवाला
टेलिग्राम. डोळे झाकून. ग्रुपमध्ये २ लाख माणसं मावतात. नवा माणूस आला तरी जुनं सगळं वाचू शकतो. आमच्या ग्रुपवर बिया, कीड, विक्री, गप्पा असे वेगळे टॉपिक आहेत, सुप्रभातवाल्यांना त्यांची खोली दिली आहे. सगळं मीच उभं केलं.

पानगळ
दीडशे लोकांना २ लाखांची जागा कशाला?

निवृत्त_अभियंता
आजकालच्या मंडळींना ॲप म्हणजेच गप्पा वाटतात. आयआरसी (इंटरनेटवरच्या गप्पांची जुनी पद्धत) १९८८ पासून चालू आहे, नंबर मागत नाही, टोपणनावावर काम. २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कवर भांडणं झाली तेव्हा लोक लिबेरा चॅट या नव्या नेटवर्कवर गेले आणि दुसऱ्या दिवशी गप्पा चालू. माझा सल्ला: स्वतःचा सर्व्हर भाड्याने घ्या, त्यावर मॅट्रिक्स (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी गप्पांची प्रणाली) बसवा. विदा (डेटा) आपला, नियम आपले.

गुलबक्षी
काका, खर्च शून्य म्हटलंय वर.

निवृत्त_अभियंता
चांगल्या गोष्टीला थोडे पैसे लागतातच. दीडशे जणांत वाटले तर किती येतात?

तिरफळ
काका, आयआरसीवर माणूस बाहेर असताना झालेलं बोलणं त्याला दिसत नाही. दुपारी झोपून उठलेल्या आजींना काय सांगणार, 'बाउन्सर लावा' (म्हणजे तुमच्या वतीने सतत जोडलेला राहून बोलणं साठवणारा प्रोग्रॅम)?

कॉर्पोरेट_मजूर
आमच्या ऑफिसात स्लॅक हे कामाच्या गप्पांचं ॲप आहे. शिस्त म्हणजे काय ते बघायचं असेल तर स्लॅक. पैसे भरून घ्या मात्र, फुकटच्या योजनेत ९० दिवसांच्या मागचं दिसत नाही.

तिरफळ
म्हणजे मागच्या जूनमध्ये कारली कधी लावली ते या जूनमध्ये शोधायचं नाही. बागवाल्यांना अगदी सोयीचं.

सरळमार्गी
ॲप कुठलंही घ्या, ॲडमिन होऊ नका. कुणी काही वेडंवाकडं टाकलं की पोलीस ॲडमिनला धरतात.

वकिलीण_बाई
हे अजून किती वर्षं फिरणार? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. तरी ॲडमिन किमान तिघे ठेवा. आमच्या सोसायटीत एकच ॲडमिन होते. ते गेले मुलाकडे परदेशात, इथलं सिम बंद. सहा महिने नव्या भाडेकरूंना आत घेता येईना.

सरळमार्गी
तरी पण सांभाळून.

कुंडीवाला
टेलिग्रामवर मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते. आणि स्लो मोड लावला की एकेकाला ठरावीक वेळाने एकच मेसेज टाकता येतो. भांडणं आपोआप थंड.

शेवगा
टेलिग्रामचे ग्रुप एन्ड-टु-एन्ड एन्क्रिप्टेड (म्हणजे बोलणाऱ्यांखेरीज कंपनीलाही वाचता न येणारे) नसतात, हे कुणी सांगितलंच नाही.

पानगळ
दुधी भोपळ्यात काय गुपित असतं?

शेवगा
सिग्नल बघा. फुकट आहे, १००० जण चालतात, २०२४ पासून नंबर मुळातच झाकलेला असतो. नव्या माणसाला मागचं दिसत नाही, एवढीच उणीव.

मोगरा_आणि_मी
अवांतर: तुमच्या गटात कुणी जीवामृत (शेण-गोमूत्राचं द्रवखत) करतं का? माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे.

कुंडीवाला
जीवामृत खत आहे, कीडनाशक नाही. लिंबोळी तेल, लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी. संध्याकाळी मारा.

आजोळ
जीवामृत फ्लॅटमध्ये? २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र! खालच्या मजल्यावरचे तुम्हालाच कुंडीत लावतील.

मोगरा_आणि_मी
प्रमाण कमी करून करतात हो. बादलीत.

आजोळ
वासाचं प्रमाण कमी होत नाही.

कॉलेजकट्टा
डिस्कॉर्ड घ्या ना. ईमेलवर खातं निघतं, चॅनेल हवे तेवढे.

तिरफळ
माझ्या आईला दाखवलं होतं. तिने विचारलं, यात लिहायचं कुठे?

आता कामाचं. गुलबक्षीताई, टेलिग्राम घेतलंत तरी नंबर आपोआप सगळ्यांपासून लपत नाही. ज्याने तुमचा नंबर आधीच फोनमध्ये साठवलाय त्याला तो काहीही केलं तरी दिसतो, आणि ज्यांचे नंबर तुम्ही साठवलेत त्यांनाही दिसतो. हे दुसरं थांबवायला सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर 'कुणालाही नाही' करावा लागतो, प्रत्येकाने आपापल्या फोनवर. ग्रुपची लिंक चारचौघांत टाकू नका, नाहीतर शेअर बाजाराच्या टिपा देणारे पहिल्या आठवड्यात येतात. येणाऱ्याला ॲडमिनची मंजुरी ठेवा आणि एक प्रश्न विचारा: सध्या काय लावलंय? आणि जुना ग्रुप लगेच बंद करू नका.

सरळमार्गी
दोन-तीन ॲडमिन ठेवा, हे महत्त्वाचं.

वकिलीण_बाई
मी तेच लिहिलंय वर.

गुलबक्षी
सगळ्यांचे आभार. रविवारी गच्चीवर बसून ठरवलं. व्हॉट्सॲपवरच राहतोय, पण कम्युनिटी (अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवायची सोय) करून. तिच्यातला फक्त घोषणांचा ग्रुप ठेवणार, कारण तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. तिच्याखाली उपग्रुप काढले की त्यात पुन्हा दिसतात, म्हणून उपग्रुप नाहीत. आम्हा तिघा ॲडमिनचे नंबर दिसले तर दिसू देत. ज्याला प्रश्न असेल त्याने फोटो आमच्यापैकी कुणालाही पाठवायचा, आम्ही तो नावाशिवाय घोषणेत टाकणार आणि आलेली उत्तरंही तशीच. बहुतेकांच्या फोनमध्ये नवीन ॲपला जागाच नाही, नातवंडांच्या व्हिडिओंनी भरलेत.

कुंडीवाला
म्हणजे तुम्ही तिघं आता पोस्टमन. दोन महिन्यांत कंटाळाल. टेलिग्रामवर वीस मिनिटांचं काम होतं.

गुलबक्षी
गप्पा मारायला रविवारची गच्ची आहे ना. कंटाळलो तर तुमच्याकडेच येईन.

निवृत्त_अभियंता
विदा शेवटी परक्याच्याच सर्व्हरवर गेला. असो.

आजोळ
मी नाशिकरोडला असते, चार कुंड्या आहेत. मला घ्याल का? मी व्हॉट्सॲप वापरत नाही पण.