वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरवलंय, घरी कोणालाच पटत नाहीये. मदत हवी आहे

सायली_नाशिक

मंडळी, वजन कसं उतरवावं हे विचारायला हा धागा काढलेला नाही, ते आधीच सांगते. मध-लिंबू, सोळा तासांचे उपास, जिमची वर्षाची फी, आहारतज्ज्ञ, सगळं करून झालंय. उतरतं आणि व्याजासकट परत येतं.

वय ३९, उंची १५७ सेंमी, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) चाळिसाला टेकलाय. गोळ्या वाढवूनही शुगर आटोक्यात नाही. स्लीप स्टडीत सिव्हिअर अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबणं, निघाला, रात्री मास्क लावून झोपते. डायबेटिसच्या डॉक्टरांनीच सर्जनकडे पाठवलं. त्यांनी स्लीव्ह सुचवलीय. दुर्बिणीतून जठराचा पाऊण भाग काढतात, नळीसारखा भाग उरतो.

आता घरचं. आम्ही सासू-सासऱ्यांसोबत राहतो. नवरा मला म्हणतो "तुला योग्य वाटतं तर कर", पण त्याच्या आईने विषय काढला की पेपरात डोकं घालतो. सासरे २०१७ सालची इजिप्तची ती प्रचंड वजनाची इमान काढतात. "मुंबईत आणली, ऑपरेशन केलं, सप्टेंबरात गेली बिचारी." सासूबाईंचं म्हणणं, चांगलं धडधाकट पोट कापायचं कशाला, तोंडावर ताबा ठेव. माझी आई सांगलीहून फोन करते आणि रडते. नणंद म्हणते कर, पण बाहेर गॉलब्लॅडर काढलं म्हणून सांग.

परवानगी मला नकोय. पगार माझा, पॉलिसीही माझी. पण ऑपरेशनआधी दोन आठवडे वेगळा आहार, नंतर महिना-दीड महिना आधी पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ. पुढे आयुष्यभर लहान वाटीत, चावून चावून. आणि आमच्याकडे पानात टाकलेलं चालत नाही, शिवाय "अजून एक घे, माझी शप्पथ" हे जेवणाइतकंच ठरलेलं. समोर गणपती आहेत. घरच्यांशी भांडत हे निभणार नाही. कोणी घरच्यांना तयार केलंय का? कसं?

मुक्ता_के

माझा बायपास झालाय, हृदयाचा नाही, वजनासाठी करतात तो जठराचा, काही वर्षं झाली. दोन गोष्टी.

सासूशी तू बोलू नकोस, नवऱ्याने बोलायचं. सुनेने सांगितलं की ते 'फॅड' होतं, मुलाने सांगितलं की 'आजार' होतो. चीड येते, पण असंच आहे. आणि घरी 'वजन' हा शब्दच काढू नका. माझे सासरे मऊ झाले ते झोपेत श्वास थांबतो हे ऐकून. नवऱ्याला म्हणावं, मास्क नसताना तुझं घोरणं मधेच थांबतं आणि दचकून परत सुरू होतं, ते एका रात्री मोबाइलवर घे आणि वडिलांना ऐकव.

दुसरं, वाईट ते आधीच सांगून ठेव. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात, नंतर येतात. घाईने खाल्लं तर उलटी होते. हे आधी माहीत नसलं की आई म्हणणारच, "बघ, सांगत होते." बी-१२, लोह, कॅल्शियम, डी कायमचं घ्यावं लागतं, दरवर्षी रक्त तपासावं लागतं, हेही सांग.

विदर्भकर

सासऱ्यांना गडकरींचं उदाहरण द्या. २०११ साली त्यांनीही वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, पेपरांत आलं होतं. आमच्याकडे त्यानंतर लोकांची भीड चेपली.

बाकी मी म्हणेन, मौंजारो, ते वजन उतरवायचं इंजेक्शन, आलंय की आता भारतात. कापाकापी कशाला?

सायली_नाशिक

विदर्भकर, ते डॉक्टरांशी सविस्तर बोलून झालंय. इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, आणि दर महिन्याचा खर्च किती वर्षं करायचा ते कोणी सांगत नाही. काहींसाठी ते बरोबर असेल. हा धागा त्यावर नको प्लीज.

मुक्ता, रेकॉर्डिंगचं डोक्यातच आलं नव्हतं.

डॉ_निशिगंध

मी फिजिशियन आहे, सर्जन नाही. इमानचं वजन ५०० किलोच्या आसपास सांगितलं जात होतं, ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि इतर आजारही बरेच होते. तिच्याशी तुमची तुलनाच नाही. अनुभवी टीमकडे या ऑपरेशनातला जिवाचा धोका साधारण पित्ताशय काढण्याइतका असतो. पण "काही होत नाही" असं घरी सांगू नका. टाके पाझरणं, रक्तस्राव, पायात गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, हे कमी वेळा होतं, पण होतं. स्लीव्हनंतर अ‍ॅसिडिटी वाढू शकते. तो त्रास आत्ताच असेल तर बायपासबद्दल नक्की विचारा.

"तोंडावर ताबा ठेव"ला उत्तर: भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणून नुसतं पोट लहान होत नाही, भूकही मंदावते.

विम्याचं: आयआरडीएआयच्या (विमा नियामक संस्थेच्या) प्रमाणित शब्दांनुसार बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत सिव्हिअर स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात नसलेला टाइप २ डायबेटिस यांसारखा आजार, आणि आधीचे साधे उपाय फसलेले, असं असेल तर दावा बसतो. स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि आहारतज्ज्ञांचे जुने कागद जपून ठेवा. प्रतीक्षा कालावधी संपलाय का तेही बघा.

कुंदाताई

अगं सायली, मी सासू आहे, म्हणून लिहिते. माझ्या सुनेचं झालं तेव्हा मीही हेच बोलले होते. मनात भीती वेगळीच असते. काही कमी-जास्त झालं तर तुझ्या माहेरचे आम्हाला विचारतील, आणि स्वयंपाकघरात माझं काही चालणार नाही. पैकी दुसरीवर इलाज सोपा आहे. सासूबाईंना आहारतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि प्रश्न त्यांनाच विचारू दे. गाळलेलं वरणाचं पाणी, पातळ ताक, मुगाचं कढण, पुढे कुस्करलेलं पनीर, मऊ खिचडी, हे आम्हाला आजारपणात करायची सवयच असते. फक्त प्रोटीन दिवसाला साठ ग्रॅम तरी लागतं आणि पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने, हे दोन नियम डोक्यात बसायला वेळ लागला.

आग्रहाचं म्हणशील तर आता पंगतीत सुनेचं पान मीच वाढते. मी वाढलं की दुसरं कोणी हात लावत नाही.

गॉलब्लॅडरचं नाटक करू नकोस. आठवड्याभरात सगळे "आता पूर्ववत जेव" म्हणून मागे लागतील, तेव्हा काय सांगशील? फार तर "पोटाचं ऑपरेशन, डॉक्टरांनी वर्षभर थोडंथोडंच खायला सांगितलंय" एवढं बोल. तेवढं खरंही आहे.

आणि त्या वर्षी उपास नाहीत. देवाला मीच सांगितलं.

सायली_नाशिक

अपडेट. नवऱ्याने रेकॉर्डिंग केलं. वडिलांना ऐकवायच्या आधी त्याने स्वतः दोनदा ऐकलं आणि मग आईशी स्वतःहून बोलला. काय बोलला ते मला सांगत नाहीये, असो.

सासरे सर्जनकडे आले. वहीत प्रश्न लिहून आणले होते, टाके पाझरले तर कसं कळतं इथपासून. डॉक्टरांनी न कंटाळता उत्तरं दिली. बाहेर आल्यावर म्हणाले, "कर, पण दिवाळी होऊ दे." सासूबाई अजून गप्प आहेत, पण आहारतज्ज्ञांची वेळ कधीची आहे ते त्यांनी विचारलं. कुंदाताई, खूप आभार.

आता दोन प्रश्न. दिवाळीपर्यंत थांबण्यात शुगर-अ‍ॅप्नियाच्या दृष्टीने किती तोटा आहे, की तेवढ्यात आधीचा आहार नीट करून घ्यावा? डॉ. निशिगंध, तुमचं मत हवं आहे. आणि आई पुढच्या आठवड्यात येतेय. तिला आकडे सांगून उपयोग नाही. ज्यांच्या आईने आधी विरोध केला आणि नंतर दवाखान्यात सोबत राहिली, अशा कोणाची आई माझ्या आईशी फोनवर बोलेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.