न्यू जर्सीहून टेक्ससला जाताना घराच्या विम्याची तुलना नेमकी कशी करावी?

एडिसनकर

नमस्कार. माझी बदली डॅलसच्या उत्तरेकडील कार्यालयात झाली असून फ्रिस्को येथील एका घराचा करार आम्ही केला आहे. थोडी रक्कम भरून घेतलेल्या ऑप्शन पीरियडचे, म्हणजे कारण न देता करारातून बाहेर पडता येईल अशा मुदतीचे, अजून सहा दिवस शिल्लक आहेत आणि तेवढ्यात मला विम्याचे कोडे सोडवायचे आहे.

एडिसन येथील घराच्या विम्यासाठी आम्ही वर्षाला १,४८० डॉलर भरतो. त्यात इमारतीसाठी ४,१०,००० डॉलरचे संरक्षण असून डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा, १,००० डॉलर आहे. फ्रिस्कोच्या घराची किंमत ६,१०,००० डॉलर ठरली आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने सुरुवातीच्या अंदाजपत्रकात विम्यासाठी वर्षाला १,८०० डॉलर धरले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात दोन कंपन्यांचे दर हाती आले तेव्हा एकीने ३,९५० आणि दुसरीने ४,८७० डॉलर सांगितले. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून झालेला आनंद तिथेच बराचसा ओसरला.

इमारतीचे संरक्षण दोघींनीही ५,२०,००० डॉलर धरले आहे. मग ९२० डॉलरचा फरक कशाचा, आणि स्वस्त पॉलिसी घेण्यात काही धोका आहे का? घर ६,१०,००० चे असताना संरक्षण तेवढेच घ्यायला नको का? शिवाय सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात आमच्या तळघरात पाणी शिरले होते, तेव्हा आम्ही दावा केला होता. राज्य बदलल्यावर तो दावा मागेच राहतो, की आमच्याबरोबर येतो? एडिसनचे घर अद्याप विकले गेलेले नाही, हेही सांगून ठेवतो.

प्लेनोवासी

मी बारा वर्षांपासून प्लेनोमध्ये राहतो आणि या काळात घराचे छप्पर दोनदा बदलले आहे, यावरून इथला विमा महाग का आहे याची कल्पना येईल. न्यू जर्सीत आपण पाण्याची आणि बर्फाची काळजी करतो. उत्तर टेक्ससमध्ये गारांची करावी लागते. दुसऱ्या वेळी एप्रिलमधल्या एका संध्याकाळी जेमतेम दहा मिनिटे लिंबाएवढ्या गारा पडल्या. घरात पाण्याचा एक थेंबही आला नाही, त्यामुळे मला वाटले की आपण सुटलो. नंतर विमा कंपनीचा माणूस शिडी लावून वर चढला, त्याने छपराच्या प्रत्येक उतारावर दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद असा चौकोन आखला आणि त्यातल्या प्रत्येक माराभोवती खडूने वर्तुळ काढले. खाली उभे राहून पाहताना छपराला देवी आल्यासारख्या दिसत होत्या.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की दोन्ही दरपत्रकांत हप्त्याचा आकडा सोडून दोन ओळी शोधा. पहिली ओळ वारा आणि गारा यांच्या डिडक्टिबलची. ते इथे बहुधा ठरावीक रकमेत नसते, तर इमारतीच्या संरक्षणाच्या टक्केवारीत असते. ५,२०,००० चे एक टक्का म्हणजे ५,२०० आणि दोन टक्के म्हणजे १०,४०० डॉलर. ही टक्केवारी नुकसानीच्या रकमेवर असते असा समज करून घेतलेले बरेच जण मला भेटले आहेत; ती नुकसानीवर नव्हे, पूर्ण संरक्षणाच्या रकमेवर मोजतात. दुसरी ओळ छपराची: भरपाई नव्या छपराच्या खर्चाएवढी मिळणार, की वयानुसार घसारा वजा करून मिळणार?

आपल्या स्वस्त दरपत्रकात दोन टक्के आणि घसारा, तर महागात एक टक्का आणि पूर्ण खर्च, असे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. तसे असल्यास हिशेब करून पाहा. छप्पर बारा वर्षांचे आहे, बदलण्याचा खर्च २४,००० डॉलर आहे आणि पॉलिसीतल्या तक्त्याप्रमाणे त्या वयाला ४५ टक्के मिळतात असे धरू. स्वस्त पॉलिसीत १०,८०० डॉलर मान्य होतील, त्यातून १०,४०० वजा जातील आणि आपल्या हाती ४०० डॉलर येतील. महाग पॉलिसीत २४,००० मधून ५,२०० वजा होऊन १८,८०० मिळतील. फरक १८,४०० डॉलरचा, म्हणजे बरोबर वीस वर्षे वाचवलेल्या हप्त्यांएवढा. या भागात वीस वर्षांत एकदाही छपरावर गारा पडणार नाहीत अशी पैज मी तरी लावणार नाही.

एक सावधगिरीची सूचना. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी दारावर येणारे छपरवाले “डिडक्टिबलचे आम्ही पाहून घेतो” असे सांगतात. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससच्या कायद्याने ते थेट बेकायदा आहे, आणि काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेली घसाऱ्याची रक्कम सोडण्यापूर्वी विमा कंपनी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते. त्यामुळे ते ५,२०० डॉलर खरोखरच बाजूला ठेवलेले असावेत.

हिशेबनीस

मी विम्याच्या एजन्सीत काम करते. आपल्याला काही विकण्याचा हेतू नाही, म्हणून कंपन्यांची नावे घेत नाही. प्लेनोवासी यांचा हिशेब योग्य आहे. फक्त एक लक्षात घ्यावे की छप्पर नवे असेल तर घसारा कमी पडतो आणि दोन पॉलिसींमधले अंतर बरेच घटते. म्हणून छपराचे वय अंदाजाने न सांगता विक्रेत्याकडून पावती मागावी.

आपल्या दाव्याबद्दल. विमा कंपन्या क्लू नावाच्या सामाईक अहवालातून साधारण सात वर्षांपर्यंतचे दावे पाहतात, आणि त्याला राज्याची सीमा नसते. आयडाच्या वेळचा दावा आपल्या नावावरही आहे आणि एडिसनच्या घराच्या पत्त्यावरही आहे. त्यामुळे टेक्ससचा अर्ज भरताना तो लपवण्यात काहीच लाभ नाही, उलट माहिती दडवल्याचा ठपका मात्र येईल. हा अहवाल आपला आपल्याला वर्षातून एकदा विनामूल्य मागवता येतो. फ्रिस्कोच्या घराचा अहवाल मात्र आपल्याला मागता येत नाही; तो विक्रेत्याने मागवून द्यावा अशी विनंती घराचा व्यवहार पाहणाऱ्या आपल्या एजंटामार्फत आजच करावी. त्या घरावर पूर्वी पाण्याचे किंवा पायाचे दावे झाले असतील तर ते कळण्याची ही जागा आहे, आणि आपले सहा दिवस त्यासाठीच आहेत.

घराच्या किमतीएवढे संरक्षण घेण्याची गरज नाही. जमीन जळत नाही. इमारतीचे संरक्षण म्हणजे आजच्या मजुरीने आणि आजच्या सामानाच्या भावाने तेच घर पुन्हा बांधण्याचा खर्च. प्रश्न विचारायचा तो वेगळा: ५,२०,००० हा आकडा कंपनीने कोणत्या तपशिलावरून काढला? मी अशी दरपत्रके पाहिली आहेत ज्यांत विटांच्या घराला फळ्यांचे घर समजले होते, किंवा हप्ता कमी दिसावा म्हणून चौरस फुटांवर हात आखडता घेतला होता. म्हणून दोन्ही कंपन्यांना एकच क्षेत्रफळ, एकच बांधकाम आणि छपराचे एकच वर्ष द्यावे, अन्यथा तुलना म्हणून जे हाती येईल ती तुलना नसते.

फ्रिस्कोचा आणखी एक विषय आहे, तो पायाचा. त्या पट्ट्यातली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ऑगस्टमध्ये घराभोवती पाण्याच्या झिरपणाऱ्या नळ्या अंथरलेल्या दिसतील. त्या बागेसाठी नसतात, पायाखालची माती ओली राहावी म्हणून असतात. माती हलल्याने पायाला तडा गेला तर नेहमीच्या पॉलिसीत तो बसत नाही. फरशीखालचा नळ फुटल्याने पायाचे नुकसान झाले तर काही कंपन्या जोडपत्र, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेले जादा संरक्षण, देतात, काही देत नाहीत, आणि हप्त्यातला फरक पुष्कळदा इथेही दडलेला असतो.

पुढे कधी छप्पर बदलाल तेव्हा क्लास ४ च्या, म्हणजे गारांचा मार सोसण्यात सर्वांत वरच्या दर्जाच्या, शिंगल्सचा (छपरावरच्या पातळ चपट्या आच्छादनाचा) विचार करा. त्यांच्या चाचणीत दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. टेक्ससमधल्या बऱ्याच कंपन्या त्यासाठी हप्त्यात सूट देतात, परंतु सूट देताना कधीकधी “केवळ दिसण्यातले नुकसान भरून देणार नाही” असे कलमही हळूच जोडतात. मग छपरावर खड्डे पडूनही ते गळत नसेल, तर काही मिळत नाही. सूट घ्या, पण ते कलम वाचून घ्या.

एडिसनच्या घराबद्दल: ते रिकामे झाले की तिथल्या पॉलिसीतला रिकाम्या घराचा नियम लागू होतो. तो साधारणतः ३० किंवा ६० दिवसांनंतर काही नुकसानी, विशेषतः तोडफोड, वगळतो. आपण निघण्यापूर्वीच कंपनीला कळवावे आणि हिवाळा आला तर पाण्याचा मुख्य नळ बंद करून नळांतले पाणी काढून टाकावे.

शेवटचे, आणि आपल्या लोकांना हमखास लागू पडणारे. एचओ-३ या घराच्या नेहमीच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची मर्यादा बहुधा १,५०० डॉलर इतकीच असते. घरातल्या सामानाचे संरक्षण लाखांत असले तरी दागिन्यांपुरते एवढेच. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र यांची स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. सामान हलवणाऱ्या ट्रकमध्ये तर दागिने मुळीच ठेवू नयेत: राज्याबाहेरच्या वाहतुकीत फुकट मिळणारी मूळ जबाबदारी वस्तूच्या वजनावर, पौंडाला ६० सेंट या दराने असते. त्या दराने पाटलीचे काय मिळेल, ते आपणच पाहा.

बायूकाठ

मी ह्यूस्टनमध्ये राहतो, म्हणून फक्त पुराबद्दल लिहितो. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. हे न्यू जर्सीतही खरे आहे, पण तिथे तळघरात गटारातून उलट आलेल्या पाण्याचे जोडपत्र असल्याने लोकांची गल्लत होते. आपला २०२१ चा दावाही बहुधा त्याच जोडपत्रावर मिळाला असावा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वीच्या पावसात आमच्या भागात अशा पुष्कळ घरांत पाणी शिरले, जी नकाशावर धोक्याच्या पट्ट्यात नव्हती आणि म्हणून बँकेने पुराचा विमा मागितलाच नव्हता. फ्रिस्को समुद्रापासून लांब आहे, तरीही जवळच्या ओढ्याचा नकाशा पाहून ठेवा. केंद्र सरकारच्या योजनेत इमारतीसाठी जास्तीत जास्त २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. एरवी ३० दिवस थांबावे लागते, मात्र कर्जासाठी तो विमा घ्यावा लागत असेल तर क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, दिवसापासूनच लागू होतो.

किनाऱ्याजवळच्या १४ काउंट्यांत वाऱ्याचा विमा बऱ्याचदा टेक्सस विंडस्टॉर्म असोसिएशनकडून वेगळा घ्यावा लागतो, म्हणजे एका घराला तीन पॉलिसी होतात. गॅल्व्हेस्टनच्या मित्राचा एकूण खर्च ऐकून मी माझ्या हप्त्याबद्दल तक्रार करणे सोडून दिले. आपल्याला ती वेळ येणार नाही.

एडिसनकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरपत्रके पुन्हा उघडून पाहिली. प्लेनोवासी यांचा तर्क तंतोतंत खरा निघाला: ३,९५० च्या पॉलिसीत दोन टक्के डिडक्टिबल आणि छपरावर घसारा, ४,८७० च्या पॉलिसीत एक टक्का आणि पूर्ण खर्च. पहिल्या कंपनीच्या प्रतिनिधीशी दोनदा बोललो होतो, पण त्याने हे आपणहून सांगितले नव्हते. टेक्ससच्या विमा खात्याच्या हेल्पइन्शुअर या स्थळावरही मी आमच्या पिनकोडचे नमुना दर पाहिले आणि आम्हाला सांगितलेले आकडे अवाजवी नाहीत एवढी खात्री झाली.

विक्रेत्याकडून पावती आली, छप्पर अकरा वर्षांचे आहे. आमच्या एजंटाने ती पुढे करून किमतीत ५,००० डॉलरची सवलत मागितली आणि ३,५०० वर तडजोड झाली. क्लू अहवालात २०१९ चा गारपिटीचा एक दावा दिसतो, पण छप्पर त्यानंतर बदललेले नाही. त्याचे स्पष्टीकरण मागितले आहे आणि ते येईपर्यंत पुढे जाणार नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेला विम्याचा खरा हप्ता कळवला तेव्हा कर्जाचा विम्यासह महिन्याचा हप्ता सुमारे २५६ डॉलरने वाढला. हे आधी कळले असते तर आम्ही कदाचित थोडे लहान घर पाहिले असते.

एक शंका राहिली. पत्नीच्या पाटल्यांची ठाण्याच्या सराफाची १९९८ ची पावती आहे, परंतु तीत वजन तोळ्यांत लिहिले आहे. दागिन्यांची नोंद करताना ती चालेल का?

हिशेबनीस

ती पावती जपून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आणि आपले बरेच सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. त्या सराफाने कोणता धरला हे पावतीवरून कळणार नाही. शिवाय १९९८ च्या भावाचा आज काही उपयोग नाही. इथल्या मूल्यमापकाकडून ग्रॅममध्ये वजन, कॅरट आणि आजची किंमत लिहून घ्या, पाटल्यांची छायाचित्रे काढा आणि निघण्यापूर्वीच ती कंपनीकडे पाठवा. छपराच्या स्पष्टीकरणाचे काय झाले तेही इथे कळवा. २०१९ चा दावा मंजूर होऊन पैसे मिळाले असतील आणि छप्पर तेच असेल, तर नवी कंपनी त्या जुन्या माराचे पैसे पुन्हा देणार नाही.